बाईंनी न खोडलेलं वाक्य

तुमच्या आयुष्यातली सर्वांत लाजिरवाणी पाच मिनिटं दुसऱ्या कोणी तुमच्याआधी लिहिली, तुमच्यापेक्षा चांगली लिहिली, आणि छापताना त्यांचा शेवट खोटा केला, तर त्या माणसाच्या फोटोला तुम्ही हार घालाल का?

मी घातला. बाई, हार झेंडूचा होता. झेंडूचा वास तुम्हाला सहन होत नाही हे तिथे जमलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण आर. के. पुरमच्या मार्केटात रविवारी सकाळी दुसरं काही मिळालं नाही. तुमच्या लेकीनं खुर्च्या नेहमीसारख्या गोल मांडल्या होत्या. फक्त तुमची वेताची खुर्ची भिंतीला टेकवून तिच्यावर तुमचा फोटो ठेवला होता. एकेक जण बोलत होता. आपल्या पहिल्या लेखाची तुम्ही कशी चाळण केलीत ते प्रत्येकाला सांगायचं होतं. सगळे हसत होते आणि नाक पुसत होते.

माझी पाळी यायच्या आत मीनल उठली. "संग्राम, चहा टाकशील प्लीज? तुला डबे माहीत आहेत."

मीनल आपल्या रविवारच्या लेखन-बैठकीतली एकमेव दिल्लीत जन्मलेली मुलगी, आणि आता बैठकीची धनीण. मी काय बोलेन याची तिला भीती होती. रास्त होती. मी गेलो आत.

तुमच्या स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत ताटं सरकवायची ती छोटी खिडकी उघडीच होती. पाणी तापायच्या आत मीनलचा आवाज आला. तिनं तुमची 'गेटजवळ' ही कथा वाचायला घेतली होती. कथेतला मुलगा कोण आहे हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. तो मुलगा भिंतीपलीकडे आलं किसत होता, हेही माहीत होतं. शेवटच्या वाक्याला कोणीतरी "क्या बात है" म्हणालं आणि माझा चहा उतू गेला.

आपल्याकडे नियमच होता, बाई. ज्याचं लिखाण वाचलं जाईल त्यानं चहा करायचा. तेव्हा नियम पाळला गेला म्हणायचा.

मीनल तुमच्यावर पुस्तक काढते आहे. आधी आमच्या आठवणी, मग तुमच्या निवडक कथा, अगदी शेवटी 'गेटजवळ'. मलाही लिहायला सांगितलं. "पण जरा सांभाळून यार. महिनाच झालाय त्यांना जाऊन." सांभाळून लिहिणं मला जमत असतं तर मी तुमच्याकडे शिकायला आलोच नसतो. आणि लिहिणं मला टाळता येत नाही. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर माझे वडील कायमचे हसत राहणार आहेत. ते हसले नव्हते.

*

तुम्हाला ज्या माणसाची गोष्ट सांगायची होती त्याच्याबद्दल तुम्हाला किती कमी माहीत होतं! माझे अण्णा सोलापुरात यंत्रमागावर काम करतात. माग चालवून उरलेल्या वेळात माझ्या जन्माच्या आधीपासून ते कामगारांची पत्रकं लिहितात. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं ओळखायला शिकलो ती त्यांच्यावर, आणि गणितं सोडवली ती त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. पाहुणे आले की गठ्ठ्यांवर सतरंजी टाकायची, झाला दिवाण. माझं नावही एखाद्या पत्रकाच्या मथळ्यातूनच आलेलं असणार.

अशा घरातून मी दिल्लीला आलो तो परीक्षा देऊन साहेब व्हायला. अण्णांनी विरोध केला नाही. "आत जाऊन बघ, खुर्ची कशी असते," एवढंच म्हणाले. करोल बागेतल्या माझ्या अभ्यासिकेच्या फलकावर तुमची चिठ्ठी लावलेली होती: 'रविवारी सकाळी दहा. मराठीतून कथा आणि ललित लेख. चहा करता आला पाहिजे.' शेवटच्या वाक्यामुळे मी आलो. मला वाटलं, कोणीतरी गमतीदार बाई असेल.

पहिल्याच रविवारी मी अण्णांवरचा लेख आणला. तुम्ही तो मीनलच्या हातात दिलात आणि मला आत पिटाळलंत. आपलं लिखाण आपण वाचायचं नाही, दुसऱ्यानं वाचायचं, आणि चर्चा संपेपर्यंत लेखकानं बाहेर तोंड दाखवायचं नाही. "वाचक घरी वाचतो तेव्हा तू त्याच्या शेजारी बसून खुलासे करणार आहेस का? नाही ना? मग जा, आलं किस."

मीनलनं सुरुवात केली. "'शोषितांच्या रक्ताघामानं भिजलेल्या मागाच्या प्रत्येक धाग्याधाग्यातून धगधगत उसळणाऱ्या...' बाई, पाणी मिळेल का? धाप लागली."

सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. खिडकीतून तुमचा आवाज आला. "संग्राम, तिथूनच सांग. अण्णा पत्रक कुठल्या हातानं देतात?"

"म्हणजे?"

"डाव्या की उजव्या?"

मला सांगता येईना. जन्मभर बघितलेला तो हात मला आठवेना.

"बरं. तुझी आई सात पानांत एकदाच येते, तीही रडायला. बाकीचा वेळ ती काय करते?"

"कांड्या भरते."

"कांडी म्हणजे?" मीनलनं विचारलं.

"मागाच्या धोट्यात सुताची गुंडाळी बसवतात, ती. बायका घरी भरून देतात."

"मग हे लेखात का नाही?" तुम्ही.

"कारण लेख कांड्यांवर नाहीये."

"कशावर आहे?"

"अन्यायावर."

"मग अन्यायालाच सांग की चहा करायला. तू कशाला करतोस?"

त्या दिवसापासून तुम्ही मला पत्रकवाला म्हणायला लागलात. मला राग यायचा. आजही येतो. तुमच्या तोंडी ते नाव ऐकलं की वाटायचं, ह्या बाईनं आयुष्यभर सरकारी कागदांचं भाषांतर केलं, दुसऱ्यांची वाक्यं इकडची तिकडे नेली, आणि हिला माझ्या बापाच्या वाक्यांची चेष्टा करायची आहे! तुमच्या कथांत माणसं काय करतात? खिडकीशी उभी राहतात. कपाट आवरतात. त्यांना एक जुना वास येतो आणि कथा संपते. मी तुम्हाला तोंडावर म्हटलं होतं, की आर. के. पुरमच्या बाल्कनीतून दिसतं तेवढंच तुमचं जग आहे. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "खरं आहे. मी बाल्कनीतून खाली बघते आणि तू गच्चीवरून ओरडतोस. रस्त्यावरच्या माणसाचा चेहरा दोघांनाही दिसत नाही. चल, दोघंही खाली उतरू."

उतरलात का तुम्ही? मी उतरलो की नाही ते मला माहीत नाही. हे भांडण तिथेच राहिलं. मला आजही वाटतं, की ज्या लेखानं कोणाचंच काही बिघडत नाही तो लेख कशाला लिहायचा. तुम्ही म्हणायचात, आधी नीट बघ, बिघडवायचं नंतर बघू. ह्यावर आपण किती रविवार घालवले! आता तुम्ही उत्तर देऊ शकत नाही. ही माझी जीत आहे असं मला अजिबात वाटत नाही, उलट चीड येते. भांडण अर्धवट टाकून उठून जाणं ही तुमची पद्धत नव्हती, ती माझी होती.

एक दिवस तुम्ही म्हणालात, अण्णांची पत्रकं आण. मी सोलापूरहून पिशवी भरून आणली. मला वाटलं, आता त्यांचीही धिंड निघणार. तीन रविवार तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. चौथ्या रविवारी पिशवी परत दिलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "तुझे अण्णा तुझ्यापेक्षा फार चांगलं लिहितात."

"तुम्हीच तर पत्रकवाला म्हणून..."

"ऐक. कुठल्या कारखान्यात काय झालं ते ते पहिल्या ओळीत सांगतात. मग कोणाला काय झालं ते नावानिशी. आणि शेवटी वाचकाला काम देतात, अमुक ठिकाणी अमुक वाजता या. वाचणाऱ्याला उठून चपला घालाव्या लागतात. तू शेवटी काय देतोस? उमाळा. तू त्यांची नक्कल करतोस असं तुला वाटतं, पण तू त्यांच्या भाषणानंतरच्या टाळ्यांची नक्कल करतोस."

त्या दिवशी मी बस न पकडता मुनिरकापर्यंत चालत गेलो. माझ्या बापाचं गद्य कोणी असं वाचलेलं नव्हतं. मीही नव्हतं वाचलेलं. हे तुम्ही मला दिलंत. हे मी नाकारत नाही, आणि म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागतं.

*

तुमचा सर्वांत कडक नियम शेवटच्या वाक्याचा. कोणाचाही लेख येवो, तुम्ही आधी शेवटचं पान उलटायचात आणि शेवटचं वाक्य पेन्सिलीनं खोडायचात, वाचायच्याही आधी. "ते भीतीनं लिहिलेलं असतं. वाचक आपल्याला वाईट म्हणेल, ही भीती. म्हणून लेखक जाता जाता सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवून जातो." पेनला तुमच्याकडे बंदी होती. "पेन्सिलीनं खोडलेलं परत आणता येतं. माझंही चुकू शकतं ना!" दहांतली नऊ वाक्यं कोणीच परत आणली नाहीत.

हे लिहून ठेवतोय, कारण पुढे लागणार आहे.

मी तुम्हाला ती गोष्ट सांगितली तो हिवाळा होता. माझी चहाची पाळी होती म्हणून मी लवकर आलो होतो. तुम्ही स्टुलावर बसून मटार सोलत होतात. तुम्ही काही विचारलं नव्हतं. मीच बोलायला लागलो.

त्याच्या आदल्या वर्षी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात एका पुस्तकाचा समारंभ होता. मी इस्त्रीचा कुर्ता घालून पाहुण्यांच्या स्वागताला उभा होतो. पुस्तकाशी माझा काही संबंध नव्हता. एक निवृत्त अधिकारी तिथे येणार होते. ते परीक्षेच्या मुलांच्या सराव-मुलाखती घ्यायचे आणि त्यांनी मला ओळखावं एवढीच माझी इच्छा होती. अण्णा त्या आठवड्यात पानिपतला आले होते. तिथल्या माग कामगारांचा मेळावा होता. ते दुसऱ्या दिवशी मला भेटायला येणार होते, पण मेळावा लवकर संपला, म्हणून ते आदल्याच दिवशी बसनं आले. माझ्या खोलीवर गेले, जोडीदारानं सदनाचा पत्ता दिला, आणि ते गेटजवळ येऊन उभे राहिले. खांद्याला झोळी, झोळीत पानिपतला उरलेली हिंदी पत्रकं. मी दिसायची वाट बघता बघता त्यांनी नेहमीचं काम सुरू केलं. आत येणाऱ्या प्रत्येकाला एकेक पत्रक.

अधिकारी माझ्याशी बोलत होते. त्यांनी मान वळवली. "हे कोण? तुमच्या ओळखीचे आहेत का? सारखे तुमच्याकडे बघतायत."

मी म्हणालो, "नाही सर. माहीत नाही कोण आहेत."

अण्णा दोन हातांवर होते. ते पुढे आले. आधी अधिकाऱ्यांना पत्रक दिलं. मग मला. म्हणाले, "घ्या साहेब. वाचा."

आणि गेटमधून बाहेर पडून बस थांब्याकडे गेले. घरी जाऊन आईला म्हणाले, भेट झाली नाही.

हे सांगून झालं तेव्हा तुम्ही उठलात आणि माझ्या पातेल्याखालचा गॅस बंद केलात. चहा जळत आला होता. "लिही हे," म्हणालात.

"नाही."

"हे लिहीपर्यंत तुझा अण्णांवरचा लेख पुरा होणार नाही."

"नाही झाला तर नाही."

त्यानंतर दोन वर्षं, दर रविवारी निघताना, दाराशी तुम्ही एकच विचारायचात. "संग्राम, ते?" आणि मी मान हलवायचो. ह्याला शिकवणं म्हणतात हे मला मान्य होतं. पुढे जे केलंत त्याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही. चोरी म्हटलं तर तुम्ही म्हणाला असतात, "विशेषणासारखं वापरू नकोस, काय चोरलं ते सांग."

सांगतो.

*

नियम तुम्हालाही होता. तुमची कथा असली की चहा तुम्ही करायचात आणि वाचायचं दुसऱ्यानं. त्या रविवारी तुम्ही चार पानं आणलीत, गोलात एकदा सगळ्यांकडे बघितलंत आणि ती माझ्या हातात दिलीत. मग आत गेलात.

मी वाचायला लागलो. एक गेट. एक म्हातारा. गाव वेगळं होतं, नावं नव्हती. दुसऱ्या पानावर मला कळलं. दुसरा कोणी असता तर थांबला असता. पण तुमच्या घरी वाचताना थांबायचं नाही अशी सवय तुम्हीच लावली होती. मी वाचत राहिलो. "घ्या साहेब. वाचा." हे मी माझ्या तोंडानं वाचलं.

मग ती ओळ आली, की मुलानं पत्रक न वाचता त्याच्या चार घड्या केल्या आणि कुर्त्याच्या खिशात टाकलं, आणि त्याचा तळवा खिशावरच राहिला.

बाई, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी खरंच तसं केलं होतं. तुम्ही ते कुठून आणलंत? कित्येक महिने मी ह्या एका ओळीवर कुढत होतो. मी तिथे होतो आणि मला ती ओळ लिहिता आली नाही. तुम्ही त्या समारंभाला नव्हतातच, आणि तुम्हाला ती दिसली. कथा लिहिणं म्हणजे काय, हे तुम्ही तीन वर्षं बोलून सांगितलंत त्यापेक्षा त्या ओळीनं जास्त सांगितलं.

आणि मग शेवट.

'बस आली. म्हातारा चढला. चढताना त्यानं मागे वळून पाहिलं आणि तो हसला, मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवशी हसला होता तसाच.'

मी पानं खुर्चीवर ठेवली आणि आत आलो. तुम्ही कपात चहा गाळत होतात. हात स्थिर होता.

"हे काय आहे?"

"कथा आहे."

"माझी आहे."

"तुझं नाव आहे का कुठे?"

"'घ्या साहेब' आहे ना!"

"दोन वर्षं विचारलं तुला. तू लिहीत नव्हतास."

"म्हणून तुम्ही लिहिणार? मी सही करत नाही म्हणून तुम्ही माझी सही करणार?"

"हळू बोल. खिडकी उघडी आहे."

"राहू दे उघडी. आणि शेवटचं वाक्य? ते का नाही खोडलंत? आम्हा सगळ्यांची खोडलीत!"

पहिल्यांदाच तुम्ही माझ्याकडे न बघता बोललात. "खोडलं होतं मी. परत घातलं. तो न हसता बसमध्ये चढला की मला ते सोसेना. मला एवढं करू दे, संग्राम."

"तुम्हाला सोसावं म्हणून माझ्या बापानं हसायचं?"

"तुझ्यासाठीही आहे ते."

"मी मागितलं नव्हतं."

"अंकाकडे पाठवली आहे मी कथा. छापून येईल."

मी चपला घातल्या. मागून मीनल "अरे संग्राम, यार, ऐक तर" म्हणत जिन्यापर्यंत आली. तुम्ही नाही आलात.

*

कथा दिवाळी अंकात आली. सोलापुरात अण्णांच्या युनियनच्या खोलीत दोन-तीन दिवाळी अंक येतात, पानं सुटेपर्यंत फिरतात. मी रोज फोनची वाट बघत होतो. फोन आला तो डिसेंबरात.

"ती गोष्ट वाचली. तुझ्या बाईंची."

मी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"चांगली लिहिलीय. बाईंना माग माहीत नाही. कांडी बदलायला माग थांबवावा लागतो, त्यांचा चालूच आहे. पण चांगली आहे. इथं दोघातिघांनी वाचून दाखवली."

"अण्णा, मी..."

"एक आहे. मी हसलो नव्हतो रे."

बाई, त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पत्रकात तारीख चुकली की ते छापखान्यात फोन करून सांगतात, तसंच सांगत होते.

"आणि शाळेच्या पहिल्या दिवशी तुला आई घेऊन गेली होती. मी तेव्हा आत होतो, संपाच्या केसमध्ये."

"माहीत आहे मला."

"मग बाईंना सांगायचं नाही का?"

"अण्णा, तुम्ही ऐकलं होतं? मी त्या साहेबांना काय म्हणालो ते?"

"ऐकलं की. म्हणून तर साहेब म्हणालो. तुझी अडचण झाली असती."

"मग बसमध्ये चढताना तुम्ही वळून..."

"कसलं वळून. बस अड्ड्याची बस कुठली ते एका माणसाला विचारत होतो. पाटी वाचता येईना." मग म्हणाले, "तू का नाही लिहिलंस ते? तू असतास तर बरोबर लिहिलं असतंस."

कुठल्याही परीक्षेत मला इतका अवघड प्रश्न आलेला नाही. तुम्ही दोन वर्षं विचारत होतात तोच हा प्रश्न, पण तुम्ही विचारलात तेव्हा मी मान हलवू शकत होतो. फोनवर मान हलवून चालत नाही.

आता मला कळतं की तुमच्या कथेशिवाय हे बोलणं झालं नसतं. अण्णा मरेपर्यंत 'भेट झाली नाही' हेच खरं राहिलं असतं. ह्यासाठी मी तुमचे आभार मानावेत अशी मीनलची अपेक्षा आहे. मानतो. दात आवळून मानतो. पण त्यामुळे ते वाक्य खरं होत नाही. त्या दिवशी माझ्या बापानं मला सोडवलं, माझा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेऊन अनोळखी झाला आणि पाटी न वाचता येणाऱ्या डोळ्यांनी बस शोधत निघून गेला. तुमच्या हसण्यानं ते सगळं पुसलं गेलं. वाचणाऱ्याला वाटतं, चला, माफ केलं. माझी सुटका झाली आणि अण्णांच्या वाट्याला काय आलं, एक गोड चेहरा! चार घड्या तुम्हाला दिसल्या, बाई. मग ते न हसणंही दिसलंच होतं. तुम्हीच म्हणालात की दिसलं होतं. न दिसलेलं चुकीचं लिहिणाऱ्याला मी माफ करेन. तुम्हाला नाही.

त्यानंतर तुमचा एकच मेसेज आला. 'रविवारी चहा कोण करणार?' मी तो वाचला. उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, पाठवलं नाही. काय लिहिलं होतं ते आता सांगून उपयोग नाही. दीड वर्ष मी आर. के. पुरमकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलो नाही. मग मीनलचा फोन आला.

फोटोला हार घातला त्या रविवारी कप धुऊन झाल्यावर तुमच्या लेकीनं मला थांबवलं. तिनं तुमची अंकाची प्रत आणून दिली. "आईनं तुझ्यासाठी ठेवली होती. कपाटात वेगळी ठेवली होती."

मी जिन्यात बसून ती उघडली. मी काय शोधत होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. छापलेल्या स्वतःच्या कथांवरही तुम्ही पेन्सिल चालवायचात, तुमच्या जुन्या अंकांचे समास खरडून काळे झालेले आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. ह्या कथेतही पेन्सिल होती. कांडीच्या ठिकाणी समासात लिहिलं होतं, 'माग थांबवावा लागतो का? विचारणे.' दोन विशेषणं गेली होती. मी शेवटच्या पानावर आलो. तिथे काही नव्हतं. एक ठिपकाही नव्हता. वाक्य जसंच्या तसं, कोरं.

मला तुमचा इतका राग कधीच आला नव्हता. आणि जिन्यात बसून मी रडलो, ते त्याच रागानं. दुसरं कारण असेल तर ते शोधायला मला अजून काही रविवार लागतील, आणि तिथे खिडकीतून प्रश्न विचारणारं कोणी नसेल.

मी मीनलला म्हटलं, पुस्तकात ते वाक्य गाळ. ती म्हणाली, "मेलेल्या माणसाचं वाक्य मी कसं काढणार यार? त्यांना विचारता येत नाही." बिल्कुल बरोबर आहे तिचं. संपादकानं ते करू नये. वाचणाऱ्यानं मात्र करावं, आणि अण्णांच्या पत्रकांनी मला एवढं शिकवलंय की शेवटी वाचणाऱ्याला काम द्यायचं असतं.

अण्णा पत्रक उजव्या हातानं देतात, बाई. डावा झोळीवर असतो. आता मला माहीत आहे. त्या दिवशी माझ्यासमोर तोच हात आला होता.

तेव्हा हे पुस्तक हातात असलेल्या तुम्हा सर्वांना विनंती. शेवटचं पान उघडा. 'म्हातारा चढला' ह्या दोन शब्दांपुढे 'चढताना त्यानं मागे वळून' पासून जे वाक्य आहे ते संपूर्ण खोडा. पेननं नको, पेन्सिलीनं, घरात बाईंचा तोच नियम होता. मग कथा सुरुवातीपासून एकदा मोठ्यानं वाचा, शक्यतो दुसऱ्या कोणाला ऐकू जाईल अशी, आणि 'म्हातारा चढला' इथे थांबा.